वडिलांच्या स्मरणार्थ गावासाठी दरवर्षी आठ लाख: ते कुणाला आणि कसे द्यावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तिघं भावंडं: एक पुण्यात, एक नाशिकला, धाकटा अमेरिकेत. वडील बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले, आयुष्यभर शाळामास्तर. त्यांच्या नावाने पाच वर्षं दरवर्षी आठ लाख रुपये गावाकडच्या कुटुंबांसाठी द्यायचे आहेत. स्वतःचा ट्रस्ट काढावा, की चालू संस्थेला द्यावेत? विधवा बायकांना शिलाई मशीन आणि ऊसतोड कामगारांच्या मुलांना दप्तरं वाटायचा विचार आहे, तो योग्य आहे का? मोठे ट्रस्ट आणि कंपन्या हे काम कसं करतात?

आधी मराठवाड्यात एका संस्थेत आणि नंतर मुंबईत अनुदान देणाऱ्या ट्रस्टमध्ये मी बरीच वर्षं काम केलं. प्रस्ताव वाचायचे, गावात जाऊन पडताळायचे आणि पैसे गेल्यावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जाऊन काय उरलं ते बघायचं, हे माझं काम होतं. त्यावरून तुम्हाला सरळ सांगतो. ट्रस्ट काढू नका. मशीन आणि दप्तरं घेऊ नका. त्या भागात आधीपासून काम करणारी एक संस्था शोधा आणि तिच्यामार्फत एका पूर्णवेळ कार्यकर्तीचा पगार पाच वर्षं द्या. बाकीचे पैसे तिच्या हाताशी राहतील असे ठेवा. आपल्याकडे वस्तूंसाठी पैसा पटकन मिळतो, माणसाच्या पगारासाठी कुणी देत नाही. आणि घरातला कर्ता गेल्यावर कुटुंब सावरतं ते त्याच्या बाजूने कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारं कुणीतरी असेल तरच.

हे उगाच म्हणत नाही. एका बाईची गोष्ट सांगतो. नाव आणि गाव सांगणार नाही, पण तुमच्या वडिलांच्या तालुक्यापासून ते लांब नाही.

वय अठ्ठाविसच्या आसपास, दोन मुलं, घरात सासू. नवरा-बायको दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जायची. तिथे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा अपघात झाला आणि नवरा गेला. टोळीतल्या लोकांनी वर्गणी काढून मृतदेह गावी आणला, दहावं-तेरावं झालं, सगळे परत फडावर गेले. आता तिला काय काय मिळू शकत होतं बघा. संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असल्याने राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये. शिवाय सासऱ्यांच्या मागे नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या दीड एकरावर वारस म्हणून तिचं आणि मुलांचं नाव. यातलं एकही तिला मिळालं नव्हतं, कारण सगळ्याच्या मुळाशी मृत्यूचा दाखला लागतो आणि तो तिच्याकडे नव्हता.

मृत्यू जिथे होतो तिथल्या दप्तरात त्याची नोंद होते, माणूस राहतो तिथे नाही. म्हणजे दाखला तिच्या ग्रामपंचायतीत मिळणार नव्हता, तो सातारा जिल्ह्यातून आणायचा होता. तिथे कुणाकडे जायचं हे तिला माहीत नव्हतं. मुकादमाला, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराला, माहीत होतं, पण त्याची उचल, म्हणजे आगाऊ दिलेले पैसे, बाकी होती. हंगामाआधी नवरा-बायकोने मिळून घेतलेली उचल नवरा गेल्यावर तिच्या एकटीच्या अंगावर आली होती. जोडप्याचा एक कोयता धरतात. एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. तेव्हा ‘पुढच्या साली अर्ध्या कोयत्यावर ये आणि फेड’ असं त्याचं म्हणणं होतं, आणि मोठ्या मुलीला बरोबर घेऊन आलीस तर बरंच, अशी पुस्तीही.

त्या तालुक्यात एका संस्थेची कार्यकर्ती होती, स्वतः एकल बाई, बारावी झालेली. तिला हे घर सापडलं तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मृत्यूची नोंद झालेलीच नसेल आणि वर्ष उलटलं असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणजे आणखी सहा महिने. सुदैवाने अपघात पोलिसांत नोंदवलेला होता आणि शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात झालं होतं, त्यामुळे नोंद झालेली होती. कार्यकर्ती त्या बाईला घेऊन एसटीने गेली, दाखला आणला. घरी येऊन बघतात तर दाखल्यावरचं नवऱ्याचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव यात एका अक्षराचा फरक. परत प्रतिज्ञापत्र, परत फेरा. मग तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुलांचे शाळेचे बोनाफाईड, बँकेत आई आणि मुलांचं खातं, बीडच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज, गृहभेट, बालकल्याण समितीसमोर हजेरी, तलाठ्याकडे वारस नोंद. सासूची समजूत काढणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, कारण सून नाव लावून जमीन विकेल आणि माहेरी जाईल अशी भीती दिराने तिच्या मनात घातली होती. कार्यकर्तीने सासूलाही निराधारचा फॉर्म भरून दिला. त्या दिवसापासून सासू सुनेच्या बाजूने बोलायला लागली.

हिशोब मांडला तर या सगळ्यावर प्रवास, झेरॉक्स, स्टॅम्प धरून काही हजार रुपये गेले. त्यातून दोन मुलांचे महिन्याला साडेचार हजार सुरू झाले. ते रखडत येतात, कधी चार-पाच महिन्यांचे एकदम येतात, पण येतात. मुलगी फडावर गेली नाही. उचलीचा प्रश्न गावातल्या चार जाणत्या माणसांना बसवून सुटला: निम्मी रक्कम दोन वर्षांत फेडायची, निम्मी मुकादमाने सोडायची. तिथे कार्यकर्ती नसती आणि तुम्ही त्या बाईला शिलाई मशीन दिलं असतं, तर काय झालं असतं? ऑक्टोबरात ती मशीन शेजारणीकडे ठेवून मुलीसह तोडीला गेली असती.

आता तुमच्या पैशांना हेच गणित लावा. एका कार्यकर्तीला महिन्याला १८,००० रुपये दिले (आणि याहून कमी देऊ नका, संस्था कमी सांगेल तरी) तर वर्षाचे २,१६,००० होतात. तिने दोन वर्षांत साठ मुलांना बालसंगोपन योजना मिळवून दिली, तर त्या घरांत वर्षाला १६,२०,००० रुपये येतात, आणि मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत येत राहतात. निराधारची पेन्शन, वारस नोंदी, दवाखान्याचा वाचलेला खर्च हे वेगळंच. दुसऱ्या कुठल्याही वाटपातून वर्षाला दोन लाखांचं एवढं फळ मला दिसलेलं नाही. सरकारचं काम आपण का करायचं, असा प्रश्न माझ्यासमोर अनेक विश्वस्तांनी ठेवला. पैसा सरकारचाच आहे आणि तो त्या घराच्या हक्काचा आहे. मधला रस्ता त्या घराला एकट्याने चालवत नाही, तेवढ्यापुरतं आपण बरोबर चालायचं.

मोठे ट्रस्ट आणि कंपन्या कसं करतात, तेही सांगतो, कारण त्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे कळायला हवं.

जुन्या ट्रस्टांची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांहून मोठी आहे. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ सालचा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के समभाग या ट्रस्टांकडे असल्याने कंपन्यांचा नफा लाभांशाच्या रूपाने समाजकार्याकडे येतो. अशा ट्रस्टांची पद्धत सावकाशीची असते. संस्थेकडून प्रस्ताव येतो, कार्यक्रम अधिकारी तो वाचून प्रश्न विचारतो, गावात जाऊन राहतो, मग विश्वस्तांच्या बैठकीत मंजुरी, करार, हप्त्याहप्त्याने पैसे, दर सहा महिन्यांनी अहवाल. वेळ खूप जातो, पण तीन वर्षांची हमी मिळते, आणि संस्थेला माणसं टिकवता येतात.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा खर्च, हा त्या मानाने नवा. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ५०० कोटींची नक्त मत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यांपैकी एक जरी असेल तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४पासून हे लागू झालं आणि पैशाचा ओघ प्रचंड वाढला. पण कायद्यातच म्हटलंय की कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. कारखाने चाकण, तळोजा, रांजणगावला. म्हणून सीएसआरही तिकडेच. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांच्या आसपास मोठ्या कंपन्या जवळजवळ नाहीत, तर तिथे कोण येणार? तुमच्यासारख्या घरगुती देणगीचं मोल तिथे म्हणूनच जास्त आहे. जिथे मोठा पैसा जात नाही तिथे तुमचे आठ लाख जाऊ शकतात.

दुसरी अडचण वेळेची. आर्थिक वर्ष संपत आलं की कंपन्यांना खर्चाची घाई होते. फेब्रुवारीत फोन येतो, ‘मार्चअखेर किती करू शकाल?’ चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरायची सोय २०२१पासून आहे, तरी घाईची सवय गेलेली नाही. मार्चअखेर काय करता येतं? सायकली, टॅब, सोलर दिवे, पाण्याच्या टाक्या. वस्तू विकत घेता येतात, त्यांची बिलं येतात, फोटो निघतात. एका बाईच्या सासूची समजूत मार्चअखेर काढता येत नाही.

तिसरी गोष्ट संस्थेच्या आतल्या खर्चाची, आणि इथे मी जरा जास्त थांबतो, कारण चांगल्या मनाचे देणगीदार इथेच नुकसान करतात. ‘माझा रुपया न् रुपया गरिबाकडे गेला पाहिजे, तुमच्या ऑफिसवर नको,’ असं बहुतेक जण म्हणतात. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे. ती कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागावर करायच्या खर्चाची आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चाची नाही. तरी अनेक कंपन्या ती संस्थेच्या गळ्यात घालतात. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना २०२०च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च २० टक्क्यांत बसवावा लागतो, आधी ही मर्यादा ५० टक्के होती. आता सांगा, हिशोबनीस, ऑडिट, ऑफिसचं भाडं, वीज, संगणक यांचे पैसे कुणी द्यायचे? कुणी देत नाही, म्हणून संस्था अर्धवेळ हिशोबनीस ठेवते, त्याच्याकडून विवरणपत्र वेळेत जात नाही, नोंदणी अडकते आणि मग पुढचा देणगीदार म्हणतो, यांचे कागद नीट नाहीत. अशा कारणांनी चांगलं काम करणाऱ्या छोट्या संस्था बंद पडलेल्या मी पाहिल्यात. तुम्ही आठ लाखांतले एक लाख वीस हजार संस्थेच्या स्वतःच्या खर्चासाठी द्या आणि करारात तसं स्पष्ट लिहा.

स्वतःचा ट्रस्ट का नको, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०खाली धर्मादाय कार्यालयात नोंदणी, दरवर्षी ऑडिट, आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जीची (देणगीदाराला सवलत) मान्यता, तिचं ठराविक वर्षांनी नूतनीकरण, देणगीदारांचं विवरणपत्र, आणि एखादा विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. हे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात. पीटीआरच्या (धर्मादाय कार्यालयाच्या विश्वस्त नोंदवहीच्या) उताऱ्यावर दिवंगत माणसं अजून विश्वस्त म्हणून दिसतात आणि बँक खात्यावरच्या सह्या बदलू देत नाही. आठ लाखांसाठी हा संसार मांडायचा, तर त्यातला बराच पैसा आणि तुमचा सगळा उत्साह त्यातच संपेल. वडिलांचं नाव हवं असेल तर संस्थेच्या त्या कामाला त्यांचं नाव द्या. शाळामास्तरांच्या नावाने एका कार्यकर्तीचं मानधन चालतंय, ही गावाला सहज समजणारी गोष्ट आहे.

संस्था शोधताना कागद बघालच: धर्मादाय नोंदणी, १२ए, ८०जी, तीन वर्षांची ऑडिट, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद. हे असायलाच हवेत, पण यावरून काम कळत नाही. काम कळायला गावात जावं लागतं. तिथे संस्थेच्या अध्यक्षांशी कमी बोला, कार्यकर्तीशी जास्त. किती वर्षं झाली तिला? आधीच्या का सोडून गेल्या? एखाद्या कुटुंबाची फाईल दाखवायला सांगा, त्यात तारखा बघा: अर्ज कधी, पोच कधी, त्रुटी काय निघाली, पुन्हा कधी गेले. खऱ्या कामाच्या फायली मळलेल्या असतात, पोचपावत्यांच्या मागे फोन नंबर लिहिलेले असतात. आणि ज्या घरात काही जमलं नाही अशा एका घराबद्दल विचारा. ज्यांना सगळीच घरं यशाची सांगायची आहेत त्यांच्याकडे मी दुसऱ्यांदा जात नसे.

माणसावर पैसे लावायचा हा विचार माझा नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मदतीचा ढीग आला होता. कपड्यांचे ढिगारे रस्त्याकडेला पडून होते. त्या गोंधळात प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने गावोगावच्या महिला मंडळांमधल्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घरदुरुस्तीचं अनुदान कुणाला, कधी, कसं मिळतं, सिमेंट-लोखंडात कुठे फसवणूक होते, ही माहिती त्या घराघरांत पोचवायच्या आणि घरांच्या अडचणी सरकारी अभियंत्यापर्यंत न्यायच्या. पुढे त्याच भागात बचत गट, शेती, आरोग्य यांत ज्या बायका पुढे आल्या त्यातल्या कित्येक जणी या कामातून तयार झालेल्या होत्या. वाटलेले कपडे कुठे गेले ते कुणी सांगू शकत नाही.

रोख मदत वाईट असते असं मात्र समजू नका. २०१५च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींना धनादेश द्यायला सुरुवात केली, त्यातून पुढे नाम फाऊंडेशन उभं राहिलं. तेव्हा ‘पंधरा हजारांनी काय होतं’ असं म्हणणारे होते. पुष्कळ होतं. कर्ता माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत घरात पैसा नसतो, आणि त्याच वेळी बाई सावकाराकडे जाते किंवा शेळी, कानातल्या कुड्या विकते. त्या दोन महिन्यांत हातात दहा-पंधरा हजार आले तर पुढच्या दोन वर्षांचं कर्ज टळतं. म्हणून तुमच्या पैशातले दीड लाख तातडीच्या मदतीसाठी बाजूला ठेवा. कुणाला किती द्यायचे हे कार्यकर्ती आणि गावातल्या दोन-तीन बायकांनी ठरवावं, चार दिवसांत द्यावेत, तुमच्या मंजुरीची वाट न बघता. आणि ते देताना फोटो नकोत. ज्या बाईचा नवरा जाऊन महिना झालाय तिला स्टेजवर बोलावून धनादेश धरायला लावू नये, एवढं तरी आपण पाळू.

दवाखान्याबद्दलही थोडं, कारण घर कर्जात बुडायचं ते बहुधा आजारपणाने. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ककखाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. वर्षाला १,८०,००० रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३,६०,०००पर्यंत असेल तर दुर्बल. पुण्या-मुंबईतली कितीतरी मोठी रुग्णालयं यात येतात. पण धारूरहून रात्री रुग्णवाहिकेने आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? काउंटरवर अनामत मागतात, नातेवाईक गळ्यातलं मोडतो. पुण्यात राहणाऱ्या तुमच्या भावंडाला इथे पैशापेक्षा मोठं काम करता येईल. दोन-तीन धर्मादाय रुग्णालयांच्या वैद्यकीय समाजसेवकांशी ओळख करून घ्यायची आणि कार्यकर्तीचा फोन आला की जाऊन उभं राहायचं. उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड आधीच काढून ठेवलेलं असेल तर निम्मं काम तिथेच होतं. म्हणून कार्यकर्ती ज्या घराची फाईल उघडते तिथे पहिला कागद उत्पन्नाच्या दाखल्याचा असावा.

दप्तरांचं बघू. आठवीपर्यंत सरकारी शाळेत पुस्तकं मोफत मिळतात, गणवेश मिळतो. तुमच्या गावातल्या मुलाची शाळा दप्तर नाही म्हणून सुटत नाही, दिवाळीनंतर आईबाप तोडीला जातात म्हणून सुटते. मूल बरोबर गेलं की एप्रिलपर्यंत शाळा नाही, फडावर धाकट्याला सांभाळायचं, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) बांधायची. तेव्हा पैसे मूल गावात राहील यासाठी लावा. हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे, पण ती उशिरा सुरू होते, डिसेंबर उजाडतो. मुलं तर आईबापांबरोबर निघून गेलेली असतात. मधले सहा-आठ आठवडे कुणीतरी सांभाळले तर मूल थांबतं. आजीकडे राहणाऱ्या मुलांना संध्याकाळी एका जागी अभ्यास आणि जेवण, मोठ्या मुलींना रात्री झोपायला सुरक्षित खोली, एवढ्याने काम होतं. वीस-पंचवीस मुलांसाठी हंगामाला १,८०,००० रुपयांत हे बसतं, पण गावाने वाटा उचलला तरच. खोली गावाची, ज्वारी-डाळ गावाची, स्वयंपाक करणारीचा पगार आणि तेल-मीठ तुमचं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या काळी रयतची वसतिगृहं मूठमूठ धान्यावर चालली, ते उगाच नाही. ज्या कामात घराघराचं पायलीभर धान्य आहे त्याकडे गाव लक्ष ठेवतं, आणि तुमची पाच वर्षं संपल्यावर ते बंद पडू देत नाही.

एकल बायकांच्या रोजगाराचं विचाराल तर शिलाई मशीन जवळजवळ नेहमीच चुकीचं उत्तर आहे. तीनशे उंबऱ्याच्या गावात ब्लाऊज शिवून किती जणींचं घर चालेल? दोघींचं, फार तर तिघींचं, आणि त्या आधीपासून शिवत असतात. त्या भागात शेळ्या चांगल्या. शेळी घरात असली की तोडीला न जाता गावात थांबायला कारण मिळतं, आणि बाईला ते हवंच असतं. पण लसीकरण करणारी पशुसखी (जनावरांची काळजी घ्यायला शिकलेली गावातली बाई) जवळपास नसेल तर एका पावसाळ्यात पीपीआर या शेळ्यांच्या साथीने कळप जातो. म्हणून पहिल्या वर्षी रोजगाराला हात घालू नका. कागद होऊ द्या, घर स्थिरावू द्या, मग त्या बाईलाच विचारा.

तर आठ लाखांची मांडणी साधारण अशी होईल: पगार २,१६,०००, प्रवास ४८,०००, तातडीची मदत १,५०,०००, मुलांचं हंगामातलं राहणं १,८०,०००, वकील, प्रतिज्ञापत्रं आणि कागदपत्रांचा खर्च ६०,०००, संस्थेचा स्वतःचा खर्च १,२०,०००, आणि उरलेले २६,००० कार्यकर्तीच्या प्रशिक्षणाला. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून प्रवासाचे पैसे पुरतात. दरवर्षी पगारात थोडी वाढ धरा, नाहीतर तिसऱ्या वर्षी ती दुसरीकडे जाईल आणि तिच्याबरोबर साठ घरांची ओळखही.

अहवाल मागायचा तर दोन पानांचा मागा, मराठीत, कार्यकर्तीने स्वतः लिहिलेला: किती घरांत गेलो, कुठल्या कचेरीत काय अडलं, पैसे कुठे गेले. खर्चाचा तक्ता आणि उपयोगिता प्रमाणपत्र हिशोबनीस देईल. मोठ्या ट्रस्टांसारखे चाळीस रकाने मागू नका. ते भरायला जाणारा वेळ त्या बायकांच्या वाट्याचा असतो.

आता तुमच्या अमेरिकेतल्या भावाचं, कारण इथे चूक झाली तर संस्था अडचणीत येते. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर त्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी निधी धरली जात नाही. पण त्याने अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी, कायद्याने तो परदेशी स्रोत ठरतो आणि एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याची) नोंदणी असलेल्या संस्थेलाच, दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या तिच्या ठराविक खात्यातच पैसे देता येतात. त्याचे पैसे तुमच्या खात्यावर घेऊन तुम्ही आपले म्हणून द्यायची पळवाट काढू नका. तालुक्यातल्या छोट्या संस्थांकडे बहुधा एफसीआरए नसतं, आणि २०२०पासून एका संस्थेने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देणंही बंद आहे. तो नागरिक झाला असेल तर त्याचा वाटा वेगळा ठेवा. १९७८पासून अमेरिकेत काम करणाऱ्या महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या संस्थेकडे तो चौकशी करू शकतो. तुम्हा दोघांच्या देणगीवर ८०जीची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, नव्या प्रणालीत नाही, हे सीएला विचारून घ्या. दोन हजारांच्या वर रोख देऊ नका.

संस्था बघायला श्रावण-भाद्रपदात जा. तेव्हा माणसं घरी असतात, शेतात मूग-उडदाची काढणी चाललेली असते, बायका बोलतात. दिवाळीनंतर गेलात तर गावात म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. करार सप्टेंबरात करा आणि पहिला हप्ता लगेच द्या, म्हणजे मुकादमाच्या गाड्या यायच्या आत कोणतं मूल कुणाकडे राहणार याची यादी कार्यकर्तीच्या हातात तयार असेल.